पोत्यामागे तीन शेर

पंचावन्न-छप्पन साल असेल. सरकारचा लंकेशी व्यापारी करार झाला, त्यात कांदाही होता. आमच्या सोसायटीचा माल पहिल्यांदाच अडत्याला वगळून बोटीने कोलंबोला जाणार होता. कराराच्या अटी मी, म्हणजे सोसायटीच्या कारकुनाने, गावोगाव मोठ्या ऐटीत वाचून दाखवल्या. पोत्यात दीड मण, म्हणजे साठ शेर, कमी नाही, जास्त नाही, हेही वाचलं. पण सर्रकन वाचून पुढे गेलो.

बारामती स्टेशनच्या मालधक्क्यावर पिंपळीच्या सिंधुबाईंची साठ पोती उतरली. बाई कामाला वाघ. कांदा न् कांदा स्वतः निवडलेला. तपासनीस केशवरावांनी पहिलं पोतं काट्यावर घेतलं. तीन शेर जास्त. दुसरंही तसंच. दहा पोती झाली आणि त्यांनी पेन्सिल खिशात घातली.

“माल परत न्या.”

“कमी भरलं व्हय?” सिंधुबाईंनी विचारलं.

“जास्त भरलं. करारात आहे तेवढंच चालतं. आणि तीनला वॅगन सुटते.”

चूक माझी, पण सवय अख्ख्या तालुक्याची. माती, ओल, घट, काही ना काही काढून अडत्या पोत्यामागे वजन कापायचा. कटकट नको म्हणून आमचे लोक आधीच तीन शेर चढते भरत. आता माल फिरला तर तो त्याच अडत्याच्या दारात, पडेल भावाने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिंधुबाईंनी पदर खोचला.

“साहेब, तीनला चार तास हायत. काटा हितंच ऱ्हाऊ द्या.”

“साठ पोती उसवून पुन्हा शिवणार?”

“मी उसवते. शिवायला हे कारकून हायत की! श्रीपादराव, दाभण घ्या.”

घेतलं. माझ्या बोटांची पार चाळण झाली. बाई मात्र पोत्यातून ओंजळीने कांदा काढायच्या, हाताने अंदाज घ्यायच्या आणि काटा निमूटपणे मधोमध थांबायचा. विसाव्या पोत्यानंतर केशवरावांनीच कोट काढून पोती धरायला सुरुवात केली. अडीचला साठावं पोतं पास झालं.

धक्क्यावर उरलेल्या कांद्याचा ढीग पडला होता. बाईंनी तो भरायला लावला. बरोबर तीन पोती भरली.

त्या पोत्यांकडे त्या बघतच राहिल्या. मग असा काही संताप चेहऱ्यावर आला, की मी सुतळीचा गुंडा खाली ठेवला.

“वीस वर्सं, श्रीपादराव. दर साली असला ढीग मी त्या अडत्याला फुकट घातला. वर त्यानं चहा पाजला तर दिवसभर त्याचं गुण गायलं.”

केशवराव कागदावर सही करत होते. बाईंनी त्यांच्या हातापुढे बोट टेकवलं.

“साहेब, माझ्या नावापुढं साठ लिवलंय. तितं त्रेसष्ट करा.”