वादाच्या खोक्यातला रफ

मी रफ. इंग्रजीतलं एक साधं विशेषण. पत्ता विचाराल तर शब्दकोशाची कचेरी, दुसरा मजला, पोस्टकार्डाएवढं एक जाड पिवळट कार्ड. त्या कार्डावर माझा जन्म झाला आणि तिथेच मी आजवर राहतोय.

तुम्ही मला चांगलं ओळखता. 'रफ वहीत लिही', 'रफ अंदाज सांग', 'हे कपडे रफ वापरायला ठेव', 'तो फार रफ बोलतो' असं दिवसातून चारदा तरी म्हणता आणि मोकळे होता. पण या शब्दाचा अर्थ काय, असं कुणी विचारलं की लगेच काढता पाय घेता. मग निस्तरायचं कुणी? मी!

मला जन्माला घातलं मोठ्या बाईंनी. या कचेरीत सगळ्यात जुन्या त्या. कोशाचं काम सुरू झालं त्या दिवसापासून त्यांची खुर्ची खिडकीजवळ आहे, आणि या कामाला आता सव्वीस वर्षं झाली. बाईंनी शाईने माझं नाव लिहिलं आणि पुढे एकच अर्थ लिहिला : खडबडीत. अहाहा, काय सुखाचे दिवस होते ते! मी कोण हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग अर्थ वाढत गेले. दुसरा आला 'ओबडधोबड', तोपर्यंत ठीक होतं, घरचाच होता. तिसरा 'कच्चा', चौथा 'अंदाजे'. पाचव्याला बाईंनी लिहिलं 'खवळलेला (समुद्र)'. आता बोला! मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. सहावा 'घोगरा (आवाज)', आणि मला तर आवाजच नाही. मग 'आडदांड', 'खडतर', 'रांगडा' असं करत नऊ झाले. एका घरात नऊ भाडेकरू, आणि कुणाचं कुणाशी नातं नाही. यातला मी नेमका कोणता, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर अजून मिळालेलं नाही.

पाच वर्षांपूर्वी कचेरीत एक नव्या बाई आल्या. सगळे त्यांना धाकट्या बाई म्हणू लागले. त्यांचं काम तपासणीचं. इथला नियम असा, की प्रत्येक कार्डावर दोन सह्या हव्यात, लिहिणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दोन्ही झाल्या की कार्ड छपाईला जायचं. धाकट्या बाईंनी मला उचललं, वाचलं आणि सही करायच्या ऐवजी मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं : 'पहिला अर्थ कच्चा हवा. आपली माणसं रफ हा शब्द सर्वांत जास्त याच अर्थाने वापरतात.'

मोठ्या बाईंना ते पटलं नाही. त्यांनी खाली लिहिलं की शब्द आधी हाताला लागतो, मग डोक्यात शिरतो, म्हणून खडबडीतच पहिला. झालं! माझी रवानगी वादाच्या खोक्यात झाली.

या खोक्याचाही एक नियम आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं. फार पूर्वी इथे एक संपादक होते, त्यांचा आवाज मोठा होता. वाद निघाला की ते ओरडायचे आणि बाकीचे मान डोलवायचे. ते गेल्यावर कचेरीने ठरवलं, की वादाच्या कार्डाबद्दल तोंडी एक शब्द बोलायचा नाही. जे काय म्हणायचं ते कार्डावर पेन्सिलीने लिहायचं. त्यामुळे दोघी बाई समोरासमोरच्या टेबलांवर बसायच्या, 'पंखा वाढवू का?' असं बोलायच्या, पण माझ्याबद्दल चकार शब्द नाही.

सुरुवातीची तीन वर्षं मजेत गेली. कार्ड भरलं की मागे दुसरं टाचलं जायचं, त्याच्यामागे तिसरं. धाकट्या बाई भाजीवालीचं बोलणं टिपून आणायच्या, न्हाव्याचं आणायच्या, नणंदेच्या फोनवरचंसुद्धा आणायच्या. मोठ्या बाई त्याला तोडीस तोड उत्तर द्यायच्या. दोघींचं वाचून मला दोघींचंही पटायचं. माझा गोंधळ वाढायचा, पण कुणीतरी आपल्यासाठी एवढं भांडतंय म्हणून बरंही वाटायचं.

मग मोठ्या बाईंच्या डोळ्यांत काहीतरी झालं.

आधी मला वाटलं चष्मा बदलायचा असेल. पण त्या मला डोळ्यांसमोर धरायच्या, मग डावीकडे सरकवायच्या, मग उजवीकडे. त्यांना कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. जिना चढता यायचा, समोर माणूस आलाय हे कळायचं, चहाचा कप सापडायचा. अक्षर तेवढं सापडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही.

त्यांनी हे कचेरीत कुणाला सांगितलं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला कोशाच्या कचेरीत कोण ठेवील? सव्वीस वर्षं ज्या कोशाला दिली, तो पुरा व्हायच्या आत आपल्याला हार घालून घरी पाठवतील, ही एकच भीती त्यांना होती. मला ती त्यांच्या बोटांतून कळायची. फार घट्ट धरायच्या मला.

म्हणून त्या कार्डं पर्समध्ये घालून घरी नेऊ लागल्या. एकदा मीही गेलो.

घरी त्यांचे यजमान होते. निवृत्त पोस्टमन. गुडघ्यावर ताट घेऊन ते शेंगा सोलत बसलेले. बाई म्हणाल्या, "अहो, एवढं वाचून दाखवा." त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि मला उलटं केलं. पाठीला टाचलेल्या शेवटच्या कार्डावर धाकट्या बाईंनी त्याच दिवशी लिहिलं होतं, 'तुमचा हा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. पुरावा द्या.'

यजमानांनी ते आधी मनात वाचलं. बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, "तुमचा हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आणखी सांगाल का?"

मी हबकलोच! माझ्या पाठीवर एक लिहिलेलं, कानावर दुसरंच. मला वाटलं, आपल्या पोटात आणखी एखादा दहावा अर्थ लपलाय की काय, जो फक्त पोस्टमनला वाचता येतो.

बाकीची कार्डं त्यांनी जशीच्या तशी वाचली, काना-मात्राही सोडला नाही. त्यांचं गोड वाचन फक्त माझ्यापुरतं, कारण भांडण फक्त माझ्यावर होतं. बाई खूश झाल्या. चाचपडत चाचपडत मोठ्या अक्षरात त्यांनी उत्तर लिहिलं, 'आभारी आहे.'

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. पुरावा मागितला तर आभार! पुढच्या वेळी त्यांनी जरा कडक लिहिलं. घरी यजमानांनी ते आणखी मऊ केलं. बाईंनी उत्तर दिलं, 'तुझी प्रगती पाहून समाधान वाटतं.' धाकट्या बाईंच्या पेन्सिलीचं टोकच मोडलं. त्यांना वाटलं, मोठ्या बाई आपली थट्टा करतायत, आपल्याला खिजगणतीतही धरत नाहीत. घरी जाताना त्या 'येते' म्हणायच्या, तेही त्यांनी सोडलं. इकडे मोठ्या बाई घरी यजमानांना सांगायच्या, मुलगी फार गुणी आहे हो, तोंडाने बोलत नाही, पण लिहिते किती छान!

दोन वर्षं हे चाललं. मी मधे. खरं काय ते मला एकट्याला माहीत, आणि माझ्या तोंडाला कुलूप. जीव तुटायचा माझा. एवढे नऊ अर्थ घेऊन बसलो होतो, पण कुणाला एक शब्द सांगता येत नव्हता.

शेवटी धाकट्या बाईंचा बांध फुटला. त्यांनी लिहिलं : 'बाई, तुम्ही माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर देत नाही. लोकांचं बोलणं ऐकायचंच नसेल तर हा कोश कुणासाठी करताय? स्वतःच्या कपाटासाठी?' आणि मोठ्या बाईंचं उत्तर आलं, 'असंच मन लावून काम कर. आशीर्वाद.'

धाकट्या बाई उठल्या आणि तडक आताच्या संपादकांकडे गेल्या. हा शब्द असाच अडून राहिला तर सगळी छपाई अडेल, तुम्हीच काय तो निकाल लावा, असं त्यांनी सांगितलं.

संपादक सकाळी अकराच्या सुमारास टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले. मला हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले की पेन्सिलीचं एवढं बारीक अक्षर त्यांना लागत नाही. मला मोठ्या बाईंच्या हातात देत ते म्हणाले, "बाई, शेवटचं दोघींचं काय झालंय, तेवढं तुम्हीच वाचा."

  बाई डगमगल्या नाहीत. मला समोर धरलं आणि यजमानांनी वाचलेलं आठवून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "धाकट्या बाईंनी लिहिलंय, 'बाई, तुमचं म्हणणं मला हळूहळू पटू लागलंय. तुमच्याकडून शिकायला मिळतं हे माझं भाग्य.' त्यावर मी लिहिलं, 'असंच मन लावून काम कर. आशीर्वाद.'"

धाकट्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. पेन्सिलीचा सगळा मजकूर माझ्या पाठीवर आणि मागच्या कार्डांवर होता, आणि बाईंनी माझी पुढची बाजू डोळ्यांसमोर धरली होती.

बाईंना अक्षर दिसत नाही, हे त्यांना कळलं आणि उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.  त्यांनी एक शब्द उच्चारला असता, तर बाईंची खिडकीजवळची खुर्ची त्याच दिवशी रिकामी झाली असती.

संपादकांनी विचारलं, "असंच लिहिलंय ना?"

"हो सर. असंच."

"मग वाद कसला? करा सह्या," असं म्हणून संपादक निघून गेले.

धाकट्या बाईंनी पेन उचललं. पाच वर्षं जपलेला मुद्दा पाण्यात सोडून त्या सही करणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी अंदाजाने त्यांचं मनगट धरलं.

"मी वाचलं ते तू लिहिलेलं नाहीस ना?" त्यांनी हळू विचारलं.

धाकट्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला घरी हे वाचून दाखवतात. यांनी चाळीस वर्षं टपाल वाटलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पत्रं वाचूनही दाखवायचे. मुलाने आईला रागाने काही लिहिलं असलं तर तेवढं गाळायचे. मला घरी येऊन सांगायचे, आणि मी म्हणायचे, किती चांगलं करता हो." बाईंनी मनगट सोडलं. "सरांना 'हो' म्हणायला तुला वेळ लागला, तेव्हा कळलं मला. तू वाच. लिहिलंयस तसं. एक अक्षर गाळू नकोस."

धाकट्या बाईंनी वाचलं. 'स्वतःच्या कपाटासाठी' हे शब्द त्यांनी भराभर उरकले. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढे." मग मागची टाचलेली सगळी कार्डं वाचून झाली, दोन वर्षांचा राग, एकामागून एक. बाईंचे डोळे वाहत होते, पण मान हलत होती. मी जन्मात पहिल्यांदा पूर्ण वाचला जात होतो.

मग बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, पुरावे किती आणलेस? धाकट्या बाई म्हणाल्या, अठरा. एकेक पुरावा निघाला. आणि कचेरीचा नियम धाब्यावर बसवून दोघी अशा कडाकडा भांडल्या की पलीकडच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाईंनी अकरा पुरावे मान्य केले आणि सात उडवून लावले. मग म्हणाल्या, "कच्चा वर घे." दोन सह्या झाल्या.

सही करून बाई उठल्या आणि भिंतीला हात लावत स्वतःच संपादकांच्या खोलीत गेल्या. दार बंद झालं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. मी टेबलावर होतो आणि धाकट्या बाई माझ्यावर पेपरवेट ठेवून दाराकडे टक लावून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. त्या जिन्याकडे वळल्या नाहीत. खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून खुर्ची इकडे ओढ. तिथून तुझा आवाज नीट येत नाही."

आता मी गठ्ठ्यात बांधलेला आहे. छापून झालोय, त्यामुळे मला कुणी काढत नाही. दोघींचं पुढच्या अक्षरांवरचं वाचन आणि भांडण मला इथूनही ऐकू येतं. एक गोष्ट मात्र अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. बाईंनी यजमानांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. एखादं वादाचं कार्ड मुद्दाम घरी नेतात, यजमान ते गोड करून वाचतात, आणि या 'किती छान लिहिते हो' म्हणतात. स्वतःला खरं हवं, नवऱ्याला मात्र दुखवायचं नाही. माणसांचं हे मला काही उमगत नाही बुवा.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. छापील कोशात मी कधीतरी तुम्हाला भेटेन. कुणाला वाचून दाखवायची वेळ आली तर माझे नऊच्या नऊ अर्थ वाचा. त्यातला एखादा ऐकणाऱ्याला लागेल म्हणून गाळावासा वाटलाच, तर निदान त्याला विचारून गाळा.