थितकोनची बोडी

“थितकोन मालूम है क्या भैया? मोनिवा के रस्ते में पड़ता है. छोटा गाँव है.”

खिडकीतल्या माणसानं मान हलवली आणि लोटा पुढे केला. आमच्या ह्यांनी त्यात पाणी ओतलं आणि पुढच्या खिडकीशी गेले. तिथंही तेच. मागे बादली घेऊन मी. सकाळपासून ही आठवी खिडकी की अठरावी, ते मोजणं मी कधीच सोडून दिलं होतं.

“अजी, लोकायले पानी पाजून राहिले का परीक्षा घेऊन राहिले?” मी म्हटलं.

“तू बादली धर,” हे म्हणाले.

बेचाळीस सालचा उन्हाळा होता. ब्रह्मदेशात जपानी शिरले आणि तिथं पोटापाण्यासाठी गेलेली आपली माणसं जंगलं-डोंगर तुडवत परत निघाली. कलकत्त्याकडून येणाऱ्या गाड्यांत ती कोंबलेली असत. गोंदियाला इंजिन पाणी घेई, तोवर गाडी उभी राही. ते पाणी चढवणारा पंप आमचे हे चालवत. चौदा वर्षं झाली होती त्या नोकरीला. ड्यूटी संपली की जेवणाची शुद्ध नाही, सरळ फलाटावर. चर्चमधली आम्ही पाच-सहा माणसं पाणी द्यायला येत असू. पास्टर खेमराज फुटाण्यांची टोपली घेऊन यायचे. पण वीस दिवस खिडकी खिडकी विचारत हिंडणारे हे एकटेच.

का विचारत, ते मला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून ती गोष्ट ऐकून माझे कान किटले होते.

एकवीस साली मिशनच्या शाळेतल्या सात विद्यार्थ्यांना घेऊन पाद्रीसाहेब ब्रह्मदेशात सुवार्ता सांगायला गेले. त्या सातांत हे एक आणि खेमराज एक. हे तेव्हा एकोणीस वर्षांचे. चोरखमाऱ्याकडचं, पिढ्यान्पिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळी जातीतलं पोर, फ्लूच्या साथीत आईबाप गेले म्हणून मिशनमध्ये आलेलं. तळ्यापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलेलं नाही. जहाजावर सगळे ओकत होते आणि आपण एकटे दोन्ही वेळ पोटभर जेवत होतो, असं हे छाती फुगवून सांगत. खेमराज म्हणत, सगळ्यांत आधी ओकला तो हाच. खरं काय ते देवाला माहीत.

तिथल्या थितकोन नावाच्या गावात बाकीची पोरं ढोलक घेऊन भजनं म्हणत, साक्ष देत, म्हणजे देव आपल्याला कसा भेटला ते सांगत. खेमराज असं बोलले म्हणे की भाषा न कळणाऱ्या बायकासुद्धा रडल्या. हे खेमराजांचंच म्हणणं. आमचे हे साक्ष द्यायला उभे राहिले, दोनदा “मी, मी” म्हणाले आणि घाम पुसत खाली बसले.

पण ह्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या गावातल्या साऱ्या विहिरी खाऱ्या. गोड पाण्याला बायका दोन कोस जायच्या. कोहळी माणूस जमिनीचा उतार बघतो, तसा हे तीन दिवस रानात हिंडले आणि दोन टेकाडांच्या मध्ये काठी रोवून आले. इथं बोडी बांधू म्हणाले. आपल्याकडे भाताला पाणी द्यायला जी छोटी तळी बांधतात ना, तीच. पाद्रीसाहेब भडकले, आपण चिखल तुडवायला आलो नाही म्हणाले. चौथ्या दिवशी तेच डोक्यावर मातीची टोपली घेऊन आले.

एकेचाळीस दिवस सात पोरं आणि सगळं गाव खपलं. पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, दोन पुरुष उंच चढली. भाषा येत नव्हती, तर हे नाचून दाखवत, माती अशी टाका, पायानं अशी दाबा. म्हाताऱ्या हसून बेजार व्हायच्या आणि संध्याकाळी ह्यांच्या हातावर चिकट भाताचा गोळा ठेवायच्या. हे सांगताना ह्यांचा चेहरा कसा उजळायचा! पंपाच्या तेलानं काळवंडलेला हा माणूस पुन्हा एकोणीस वर्षांचा दिसायचा. मी वरून कितीही चिडवलं तरी तेवढ्यासाठी ऐकत बसायची.

घोडं एकच अडलं. पावसाला महिनाभर अवकाश होता आणि जहाज ठरलेलं. पाळीला पाणी लागायच्या आत सगळे परत निघाले. पुढे पाद्रीसाहेब विलायतेला गेले, आणि थितकोनची खबर कळायला मार्गच उरला नाही.

“पयल्याच पान्यात वाहून गेली असन तुही बोडी, उदेभान,” खेमराज चिडवत. सगळे हसत, हेही हसत.

पण एका पावसाळ्यात आमगावकडं एका तळ्याची पाळ फुटली आणि खालची चार घरं गेली. ते ऐकून हे दोन दिवस जेवले नाहीत. “तेथंही खाली घरं होती, रुख्मा,” एवढंच म्हणाले. तेव्हा कळलं मला. इतक्या अभिमानानं सांगणाऱ्या ह्या माणसाच्या पोटात इतकी वर्षं केवढी भीती बसली होती.

तर त्या दिवशी अठराव्या की कितव्या खिडकीशी हे विचारत होते, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “थितकोन? तलाव वाला?”

छोट्या लाइनीची गाडी धरायला एक माणूस उतरला होता. पायांना गोणपाट गुंडाळलेलं. नाव भैय्यालाल, राहणार बालाघाट, मांडलेत कापडाची फेरी करायचा.

हे पाण्याचा जग बादलीत ठेवून त्याच्याकडे वळले. “तलाव है वहाँ?”

“है ना. हिंदुस्तानी तलाव बोलते हैं. सब कुएँ खारे, एक वही मीठा. हम साठ आदमी दो दिन वहीं पड़े रहे.”

“और मेड़? मेड़ कैसी है?” ह्यांनी पाळीचं विचारलं.

“मेड़ पे तो इमली के पेड़ खड़े हैं. इतने मोटे.” त्यानं दोन्ही हातांचा घेर करून दाखवला. मग हात खाली घेतले. “मेरी माँ वहीं गुज़री, भैया. रस्ते भर खारा-गंदा पानी पिलाया उसको. आख़िरी घूँट मीठा मिला.”

फुटाणे देता देता खेमराज थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. “भैया,” ते म्हणाले, “तुमको मालूम है, ये जो आदमी तुम्हारे सामने—”

“खेमराज,” हे म्हणाले, “फुटाने दे त्याले. दोन वेळचे दे.”

खेमराजांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि भैय्यालालचा गमछा फुटाण्यांनी भरला. भैय्यालाल लंगडत छोट्या लाइनीकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत हे बघत राहिले.

मला राहवेना. “लगन झाल्यापासून मह्या डोक्याचा भुगा केला. आन आज सांग्याची येळ आली तं तोंड काऊन शिवलं तुमी?”

“त्याची माय गेली तेथं, रुख्मा. त्याच्यापुढं मी कायची बढाई मारू?”

असा नवरा मिळाला म्हणून भर फलाटावर माझी मान ताठ झाली, हे मात्र सांगते.

“टिकली रे तुही बोडी,” खेमराज हळूच म्हणाले.

“हो,” हे म्हणाले, “टिकली.”

इंजिनाचं पाणी अजून भरत होतं. हे पुढच्या डब्याशी गेले. खिडकीतून एका म्हातारीचा हात बाहेर आला, हातात डबा. ह्यांनी तो काठोकाठ भरला. विचारलं काहीच नाही. तिनं तिथंच घटाघटा पिऊन टाकला.

“और लो, अम्मा,” हे म्हणाले.