गावाच्या वतीने

चंदूकाका वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कोणीही त्यांना शिव्या घालेल, आणि तो हक्क फक्त माझा आहे. मी त्यांची पुतणी, हेमाली.

खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात एक रीत आहे. बाहेरचं कोणी गावात बोलणी करायला आलं की गावाच्या वतीने एकानेच बोलायचं. तो बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. चार जण बोलले तर गाव फुटलेलं दिसतं, असं जुनी माणसं मानत आली. मला आठवतं तेव्हापासून तो एकजण म्हणजे चंदूकाका. पोलीस येवोत नाहीतर शेजारचे टॉवरवाले, काका उभे राहिले की गाव गप्प. एरवी आमच्यात गप्प बसणं कोणाला जमतं म्हणता!

होड्या लागतात तिथे एक मोकळं पटांगण होतं. त्यावर मनुबाई जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, सुकवायची. नवरा गेल्यावर त्या सुकटीवर तिने दोन मुलींची लग्नं केली. जागा गावाची, तिच्या नावावर काही नाही. पालिकेने तिथे चालायचा ट्रॅक, बाकं आणि रंगीत कारंजं करायचं ठरवलं. निवडणुका रखडलेल्या, नगरसेवक कोणी नाही, म्हणून पालिकेचे मोठे साहेब स्वतःच लोकांचं म्हणणं ऐकायला पटांगणावर येणार होते.

सभेच्या आदल्या दिवशी मनुबाई आमच्या ओटीवर आली. जवळा दुसरीकडे कुठे सुकत नाही, मला दोन शब्द बोलू दे, एवढंच तिचं मागणं होतं. काकांनी तिला चहा पाजला आणि समजावलं की तुझं म्हणणं मीच मांडतो, तू काळजी करू नकोस. ते मनापासून बोलत होते. मी मध्ये पडले तर म्हणाले, तुझं ऑफिस तिकडे, इथे गाव आहे.

सभेला मांडव घातला होता. पाहुण्याचा आधी मान, मग काम, हा काकांचा नेम. साहेबांना शाल-श्रीफळ झालं, मग इंजिनीयरना, मग त्यांच्या हाताखालच्यांना, आणि गाडी चालवणारा उन्हात उभा दिसला म्हणून त्यालाही. मग तळलेल्या कोलंबीच्या प्लेटी फिरल्या. साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग काका उभे राहिले. पुरात आमच्या होड्यांनी किती माणसं काढली इथपासून त्यांनी सुरुवात केली, साहेबांच्या पायगुणाचं कौतुक केलं, विकासाला आमचा विरोध नाही असं म्हणाले. आमच्याकडे असंच बोलतात. आधी माणसाला आपलंसं करायचं आणि मग त्याचा हात धरायचा. काकांचा 'पण' जवळ आला होता, मला तो दिसत होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. दुसरीकडे बैठक होती. ते हात जोडत उठले, काही राहिलं असेल तर आठवड्यात लेखी द्या म्हणाले, सहकार्याबद्दल गावाचे आभार मानले. मनुबाई खुर्चीतून अर्धी उठली. काकांनी हातानेच तिला बसायची खूण केली आणि ती बसली. मी उभी राहून पटांगणाचं काय म्हणून ओरडले, तर काकांच्या आधी मागच्या बायकांनीच माझी ओढणी ओढून मला खाली बसवलं. अजून राग येतो मला त्या ओढणीचा.

लेखी द्यायला काका तयार झाले नाहीत. ज्याने आपल्याकडे खाल्लं त्याच्याविरुद्ध पाठीमागून कागद धाडायचा, हे त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. समोरासमोर सांगतो म्हणाले. गेले, साहेबांच्या दाराबाहेर बसले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा बसून आले. काकांशिवाय गावात कोणी सही करेना, म्हणून मी एकटीनेच हरकत पाठवली. उत्तर आलं की ग्रामस्थांनी जागेवरील सभेत प्रकल्पाचं स्वागत केलेलं आहे.

त्यात खोटं काय होतं? आम्हीच तर केलं होतं स्वागत.

आता ट्रॅक झाला आहे. टॉवरमधले लोक सकाळी चालतात, चांगली माणसं आहेत, काकांना हात करतात. मनुबाईने गच्चीवर जवळा घालून पाहिला, तर वासाच्या तक्रारी आल्या. आता ती त्याच टॉवरमध्ये घरोघरी मासे साफ करून देते. काका त्या बाजूला फिरकत नाहीत. सत्तरीचा माणूस वर्षभरात फार म्हातारा झाला, आणि तरी मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा सभा लागली. ट्रॅकपुढे पार्किंग करायचं होतं. काका मला घेऊन मनुबाईच्या घरी गेले. तिच्याकडे काही मागायला ते आयुष्यात पहिल्यांदा जात होते.

"या वेळी तू बोल, मनू," ते उंबऱ्याशीच थांबून म्हणाले. "मी मागं बसतो. कोणी तुला गप्प करणार नाय."

मनुबाई कामावरून नुकतीच आली होती. तिने हात पुसले.

"मना बोलाचा व्हता तवा जागा व्हती," ती म्हणाली. "आता मागू काय, चंदूभाव?"

तिच्या आवाजात राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती. मनुबाईने त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं, ते त्यांनी उभ्याउभ्याच प्यायलं, आणि आम्ही घरी आलो.

सभेला दोघंही गेली नाहीत.