उतार सोडून

गुलाबमामांचे नाव घेतले की मला आधी मातीचा वास येतो. आश्विनातल्या कोरड्या मातीची मूठ ते खांद्याच्या उंचीवर धरीत आणि बोटांच्या फटींतून हळूहळू सोडीत. उन्हाने पेटलेली ती पिवळी रेघ जिकडे झुके तिकडे वारा आहे, एवढे न बोलता सांगून हात धोतराला पुसत. माझ्या आयुष्यात जे काही उभे राहिले, त्याचे सर्वांत मोठे ऋण या हाताचे आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आर्वीला कॉलेजात असताना मी रोहण्याजवळ मामांकडे राहिलो. त्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला पाळीपाळीने रात्री शेतात जागलीला जावे लागे. मला कधीच नाही. माझ्या वाट्याची जागल मामांनी केली. मी दिव्याखाली वाचत बसे, आणि दूर रानाच्या कडेला ते पत्र्याचा डबा बडवत जणू माझ्या पुस्तकांचीच राखण करीत.

त्यांचे शेत रानाला चिकटून होते. साग संपतो तिथे हरभरा सुरू होतो, मध्ये फक्त नाला. त्या सीमेवर कोवळे असे काही नाही. तिथला हिवाळा जखमेसारखा उजाडतो: डुकरांनी मुस्काटाने उलथून टाकलेली सरी, रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, खुरांखाली चेंदलेली तूर, चितळांनी शेंडे खुडून बोडखे केलेले पीक, आणि माणसांच्या बाजूने गोफणी, सुतळी बॉम्ब, कुऱ्हाडी, शिव्या. दोन्ही बाजूंना भूक आहे आणि दोन्ही बाजूंना दात आहेत. त्या युद्धाच्या ऐन सीमेवर मामा उभे असत, एखाद्या तहासारखे.

कारण मचाणाची जागा ठरवणे हे गावात त्यांचे काम होते. दसरा झाला की लोक त्यांना बांधावर घेऊन जात. वारा पाहून झाला की ते नाल्याच्या काठाने वाकून चालत, खुरांचे ठसे बोटांनी चाचपत, काटेरी तारेला अडकलेले केस ओठांशी धरून हुंगत. जनावर येते कुठून, हे कोणीही सांगे. मामा ते पळेल कुठून हे शोधत आणि ती वाट मोकळी सोडून मचाण बांधायला लावत. गावातले तरुण त्यांना चिडवत, गुलाबभाऊ, डुकरं तुमचे सोयरे हायेत का? मामा गंभीर चेहऱ्याने म्हणत, “जावई हाय थो. जायची वाट ठेवा, नाई तं घरीच राह्यते.” मग सगळा बांध हसे.

त्यांचा एक दंडक होता. मचाणाची जागा तोंडाने सांगायची नाही. स्वतः तिथे जाऊन उभे राहायचे आणि पहिल्या बल्लीचा खड्डा खणून होईतो हलायचे नाही. मावळतीच्या तांबड्या उजेडात, पायाशी पहार आदळत असताना, डोळे मिटून उभे असलेले मामा मला अजून दिसतात. जणू तो खांब मातीत नव्हे, त्यांच्या देहातच रोवला जात होता.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हा दंडक एकदाच मोडला. मामा तापाने फणफणले होते, पांघरुणातून हात बाहेर काढवत नव्हता. शाळेपासून पुलगावलाच वाढलेला त्यांचा एकुलता मुलगा मंगेश तिथल्या गॅरेजमधली नोकरी सोडून नुकताच शेतीकडे परतला होता. हरभऱ्याला घाटे भरत होते, थांबायला सवड नव्हती. मामांनी खाटेवरूनच सांगितले, “उतार सोडून बांधजो.” मंगेश हो म्हणाला आणि बल्ल्या खांद्यावर टाकून गेला.

आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी उतार म्हणजे नाल्यातली पायवाट. जिथे काठ खचून सपाट झालेला असतो आणि जिथून गुरे, माणसे, जनावरे पार होतात. शहरात वाढलेल्या कानाला उतार म्हणजे उतरती जमीन. मंगेशने उतरती जमीन मोठ्या काळजीने सोडली, बापाचा शब्द मोडू नये म्हणून चांगली दूर सोडली, आणि सपाट, सोयीची जागा पाहून मचाण बांधले. ती जागा म्हणजेच उतार होता.

पहाटे शेजारच्या शेतकऱ्यांनी बॉम्ब फोडून डुकरांचा कळप हुसकावला. आंधळ्या भयाने पेटलेले ते काळे लोट आपल्या रोजच्या वाटेने नाल्याकडे सुटले. आवाज ऐकून मंगेश काठी घेऊन खाली उतरला होता. मागे बॉम्ब, पुढे माणूस, आणि पळायची दुसरी वाट नाही. नराने मान खाली घातली आणि सुळा मांडीत रुतवून वरपर्यंत फाडत नेला. ताप अंगावर घेऊन मामा धावत पोहोचले तेव्हा घाट्यांवरचे दव लाल झाले होते.

मी सावंगीला नोकरी करतो. फोन आला तसा सेवाग्रामच्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. माल वाहणाऱ्या छोट्या टेम्पोच्या हौद्यात मामा मुलाचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा मंगेशच्या मांडीला आवळलेला होता आणि त्यावर त्यांचे दोन्ही तळवे दाबून धरलेले होते. ते तळवे आम्ही बळाने सोडवले, कारण दाबून धरण्यासारखे तिथे काही उरले नव्हते. अर्ध्या वाटेपर्यंत तो बोलत होता, असे मामांनी नंतर सांगितले. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: “उतार तं सोडलाच होता न, बाबा.”

त्यानंतर मामांच्या चेहऱ्यावरचा ऋतू गेला. लोक मचाणाची जागा विचारायला येत आणि दारातूनच परतत. मामा मात्र फिरत; रोज नाल्याच्या काठाने, वाकून, ठसे चाचपत. त्यांची विद्या त्यांना सोडून गेली नाही, फक्त तिला दात फुटले.

गेल्या महिन्यात ते न कळवता माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत, फरशीवर बसले. पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी फरशीवर नाला काढला, रान काढले, शेत काढले. मग जनावरांची एकेक वाट काढली आणि प्रत्येक वाटेवर आडवी रेघ ओढली. तिथे उघडी तार लावायची होती आणि तिच्यात मोटरीच्या खांबावरून करंट सोडायचा होता. रोहण्याच्या दुकानदाराने त्यांचा चेहरा पाहून तार संपली म्हणून सांगितले होते. “तू आनून दे,” मामा म्हणाले, “तुले कोनी नाई इचारनार. एकही परत गेला नाई पाह्यजे.”

पंख्याच्या वाऱ्याने फरशीवरचे शेत सुकत गेले. ज्या माणसाने मला आयुष्यभर काही मागितले नव्हते, त्याची ही पहिली मागणी होती. पाहतो, एवढेच मी म्हणालो आणि त्यांना बसमध्ये बसवून दिले. पुढे फोन उचलला की मामा फक्त एकच विचारत, भेटली का? त्या आवाजाला नाही म्हणणे मला जमत नव्हते. म्हणून चौथीपर्यंत शिकलेल्या मामांना एकेक अक्षर लावून वाचता येईल, असे सुटे आणि ठळक लिहून मी हे पत्र पाठवले.

तीर्थरूप गुलाबमामांस साष्टांग नमस्कार.

तार मी आणणार नाही. दुसऱ्या कोणाला आणूही देणार नाही. लावलीत तर मी स्वतः येऊन काढीन, मग तुम्ही मला घरात घेतले नाही तरी चालेल.

त्या उतारावरून पहाटे बाया सरपणाला जातात. धनगराची मेंढरे जातात. अंधारात तार माणूस ओळखत नाही, हे तुम्हाला मी सांगावे असे नाही. आणि समजा फक्त डुकरेच मेली, रानातले शेवटचे डुक्करही मेले, तरी ज्याने मंगेशला मारले तेच ते, असे तुम्हाला कधी वाटणार नाही. तुम्ही पुढच्या रात्रीही तार पेटवाल.

चूक तुमची नव्हती, हे मी लिहीत नाही. तुम्ही ते वाचून कागद बाजूला ठेवाल. एवढेच लिहितो की मंगेशने तुमचा शब्द मोडला नाही. त्याला जसा समजला तसा त्याने तो शेवटपर्यंत पाळला, आणि हे तुम्हाला कळावे म्हणूनच तो वाटभर बोलत राहिला.

शनिवारी मी येतो आहे. मामींना सांगा. यंदा पीक गेले तर जाऊ द्या, पण माझी वाट पाहा.

दरसाल हरभऱ्याला घाटे भरतील आणि दरसाल ती पहाट येईल, मामा. आपण दोघांनी तिच्यासमोर उभे राहायचे आहे. तिला अडवील अशी तार कुठल्याच दुकानात मिळत नाही.