डब्यातला डेलिया

“अहो, तो डबा नको! त्याला हात लावू नका!”

बाबांच्या हातातला चमचा तसाच थांबला. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं होतं. वरच्या कप्प्यात बर्फाचे थर चढत होते आणि बाबा ते मघापासून खरवडत बसले होते.

“मेकॅनिक काय म्हणाला ते ऐकलंस ना? फ्रीज बंद करून सगळा बर्फ उतरवल्याशिवाय नवं रबर लागणार नाही. नाहीतर मशीनच बसेल.”

“बसू दे.”

“अगं, बघ तरी आत काय होतंय ते.”

आईनं डबा उजेडात धरला. बर्फाची पातळी खाली गेली होती. गोठलेला बर्फही हळूहळू झिजतो हे तिला माहीत नव्हतं. आतल्या गडद लाल डेलियाची एक पाकळी वर उघडी पडली होती आणि कागदासारखी सुकून गेली होती.

डबा बिट्टीचा. त्यांची एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि सुटीच्या दिवशी बर्फात फुलं गोठवून त्यांचे फोटो काढायची. त्यासाठी पाणी उकळायचं, निववायचं, पुन्हा उकळायचं.

“बाळंतिणीला पाजायचंय का गं?” आई चिडवायची.

“हवा निघून गेली की बर्फ काचेसारखा होतो, आई. तुला नाही कळायचं.”

डेलिया गोठायला ठेवला आणि बिट्टीला ताप भरला. आई ज्या हॉस्पिटलात नर्स होती तिथेच, तिच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर, बिट्टी गेली. डेलियाचा फोटो काढायचा राहिला.

“मी काढते फोटो,” आई म्हणाली. “मग खुशाल बंद करा फ्रीज.”

“तुला येतो?”

“शिकेन.”

बरे होऊन घरी जाणारे पेशंट वॉर्डात फुलांचे गुच्छ टाकून जात. त्यातली बरी फुलं निवडून ती घरी आणू लागली. पहिला गुलाब तरंगून वर आला आणि नाक बाहेर काढून गोठला. बर्फ तर दुधासारखा पांढराफटक. दुसऱ्या खेपेला तिनं देठाला दोऱ्यानं कोटाचं जड बटण बांधून फूल बुडवलं, पाणी थोडंथोडं ओतत थरांनी गोठवलं. डब्याला जुना टॉवेल गुंडाळला, म्हणजे गोठायला वेळ लागतो आणि बुडबुडे कमी राहतात. नळाचं पाणी ओतून बर्फ चकचकीत करायला गेली, तर तो ताडकन तडकला. त्या दिवशी ती सिंकपाशी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. बाबांनी येऊन उकळत्या पाण्याखालचा गॅस बंद केला.

“त्याच्यापेक्षा राहू दे ना,” ते म्हणाले.

“राहत नाहीये, हेच तर दुखणं आहे.”

शेवटी एका सकाळी तिनं बिट्टीचा डबा काढला. बर्फ आपण होऊन सुटेपर्यंत थांबली, मग खिडकीत थाळीतल्या पालथ्या वाटीवर उभा केला. मागे बाबा दोन्ही हात वर करून पांढरी चादर धरून उभे राहिले. बर्फावर धुकं आलं होतं, ते तिनं ओल्या अंगठ्यानं पुसलं. डेलिया दिसला. बिट्टीनं तो मुद्दाम किंचित कलता ठेवला होता.

फोटो काळाकुट्ट आला. दुसराही.

“चादर खाली घेऊ का?”

“चादरीचं काही नाही.” तिनं बिट्टीचा कॅमेरा छातीशी धरला. “हे वरचं उजेडाचं चाक फिरवायला हवं. तिनं ठेवलं होतं तसंच आहे अजून. मी हलवलं नाही कधी.”

“मग सरावाचे फोटो?”

“सगळे असेच काळे.”

बर्फाच्या कडेनं पाणी ठिबकायला लागलं. बाबांनी खाली आलेली चादर पुन्हा वर धरली.

“फिरव,” ते म्हणाले.

तिनं चाक फिरवलं. अगदी बारीक कट्‌ असा आवाज झाला.

मग फोटो चांगले आले. पाकळ्यांच्या कडांना चिकटलेले बुडबुडेसुद्धा स्पष्ट दिसत होते. एकेक फोटो तिनं बाबांपुढे धरला.

“तिला असाच हवा असेल का हो?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“पण बघा ना. बरोबर आलाय का?”

बाबांनी पुष्कळ वेळ पाहिलं. “कुणाला विचारायचं आता,” ते म्हणाले आणि चादरीची घडी घालायला लागले. घडी काही केल्या जमेना.

दुपारच्या ड्यूटीची वेळ होत आली. तिनं युनिफॉर्म चढवला, केस बांधले. बाहेर येऊन पाहिलं तर बर्फ वितळला होता. डेलिया पसरट थाळीत आडवा झाला होता. पाकळ्यांचा लगदा झाला होता आणि रंग पाण्यात उतरत होता. बाबांनी थाळी उचलली.

“हे कुठे ओतू गं?”

झाडाला म्हणावं तर घरात झाड नव्हतं. मोरीत म्हणायला तोंड उघडेना.

“येते मी,” ती म्हणाली.

दार ओढून घेताना तिनं मागे पाहिलं. बाबा खुर्चीवर टेकले होते. थाळी मांडीवर होती आणि एक थेंबही सांडू नये म्हणून ते जराही हलत नव्हते.