सांता एडेल्मिराचे शेअर

शुक्रवारी संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त टाइप करताना नोएमीची बोटं थांबली. तिच्या सांता एडेल्मिरा पास्ता कंपनीशी विलीनीकरण ठरलेली चिलीची कंपनी मागे फिरत होती. दहा दिवसांनी ते जाहीर होणार होतं. तोवर अख्ख्या लिमा शहरात मोजक्यांनाच ही बातमी ठाऊक असणार होती. कुणाला काही सांगणार नाही, असं नोएमीने नोकरीला लागतानाच लिहून दिलं होतं.

रविवारी ती नेहमीसारखी पाद्रीनोंकडे जेवायला गेली. डॉन लेओन्सियो तिचे पाद्रीनो, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता. बाप गेल्यावर तिचं शिक्षण त्यांनी गामार्राच्या कापडबाजारातल्या आपल्या शिवणकामाच्या गाळ्याच्या कमाईवर केलं होतं. गुडघे साथ देईनात, म्हणून तो गाळा त्यांनी नुकताच विकला होता.

"पोरी, गाळ्याचे पैसे बँकेत नुसते झोपा काढतायत," ते म्हणाले. "तुझ्या कंपनीचं लग्न ठरलंय ना? दलाल म्हणतो, लग्न लागलं की भाव दीडपट. घेऊ का शेअर?"

"पाद्रीनो, मला यातलं काही विचारू नका. मला बोलता येत नाही."

"मग बोलू नकोस. समोर ताट आहे. संपवलंस तर उद्या घेतो, टाकलंस तर नाही घेत."

"अहो, सुखानं जेवू द्या की तिला," त्यांची बायको दोरिला करवादली.

तुळशीच्या हिरव्या वाटणातला पास्ता होता, वर भाजलेलं मांस. संपवलं, तर ज्यांनी शिकवलं त्यांना आपल्याच हाताने बुडवायचं. टाकलं, तर गुपित फोडल्यासारखं; नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. उठून जावं, तर तेही उत्तरच. तिने चार घास कसेबसे गिळले. पाचवा घशाखाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं.

डॉन लेओन्सियोंनी तिचं ताट हळूच आपल्याकडे ओढलं. "राहू दे. कळलं."

"तुम्हाला काही कळलेलं नाही. मी काही सांगितलेलं नाही."

"बरोबर. तू काहीच सांगितलं नाहीस," ते म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ठरल्या दिवशी बातमी जाहीर झाली, भाव निम्म्यावर आला. त्याच दुपारी कार्यालयात सगळ्यांपुढे सहीसाठी एक कागद आला: ही गोष्ट मी शब्दाने वा खुणेने कुणालाही कळवलेली नाही. नोएमी जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

"पाद्रीनो, कुणाकडे बोललात का?"

"छे. फक्त आबदोनला, आपल्या शेजारच्या गाळ्यातल्या. त्याच्याकडे होते तुमचे शेअर, बिचाऱ्याने वेळेवर विकले. तुझं नाव नाही घेतलं. पण तो काय खुळा आहे?"

ती परत येऊन खुर्चीत बसली. खरं लिहावं, तर पाद्रीनो आणि आबदोन दोघेही गोत्यात. तिने सही केली. कागद न्यायला आलेल्या बाईने तारीख राहिल्याचं दाखवलं. तिने तारीखही घातली.

पुढच्या रविवारी पाद्रीनोंकडे आबदोन येऊन बसला होता, मांडीवर तान्ही नात.

"हिच्या माद्रीना, धर्ममाता, तुम्हीच व्हा," तो म्हणाला. "आमच्यावर उपकार आहेत तुमचे."

दोरिलाने लेकरू उचलून नोएमीच्या हातात दिलंसुद्धा. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि जे होतं ते तिला बोलता येत नव्हतं.

"होईन," ती म्हणाली.

बाप्तिस्मा झाला. आबदोन आता तिला नात्यातली म्हणून कोमाद्रे म्हणतो, आणि कंपनीत सध्या काय चाललंय ते सहज म्हणून विचारत राहतो.