बँकेतल्या पप्पांची गाठ

व्हिन्सेंटने ऑफिसात थाप मारून ठेवली होती की वडील बँकेत हेडक्लार्क होते. सहा वर्षं ती सुखाने चालली. वसईच्या पाचूबंदरातली पप्पांची होडी अबू धाबीहून कोणाला दिसणार? पण अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात पप्पा व्हिजिट व्हिसावर आले आणि मॅनेजर व्हर्नन हट्टालाच पेटला. हा वांद्र्याचा. एका ऑस्ट्रेलियन साहेबाने मायदेशी परतताना आपली कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, त्याला विकली होती. उम्म अल क्वैनच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी, ती उभी असे.

"ओल्ड मॅनला घेऊन ये. दोन दिवस फिशिंग, फुल रेस्ट."

गाडीत व्हिन्सेंटने बजावलं, "पप्पा, मासळीचा विषय काढू नका हं. तुम्ही बँकेत होता."

पप्पा खिडकीबाहेर बघत होते. "बरं," म्हणाले.

किनाऱ्यावर व्हर्ननने त्यांच्या हातात रॉड दिला आणि मागे उभं राहून मनगट धरलं. "अंकल, ऐसे." पन्नास वर्षं दर्यावर काढलेला माणूस पहिलीतल्या पोरासारखा ऐकत राहिला. दोनदा त्यांनी गळ मुद्दाम चुकीचा टाकला. व्हर्नन हसला. व्हिन्सेंटही हसला, आणि ते हसणं त्याला पुढे जन्मभर सलत राहिलं.

सकाळभर एक मासा लागला नाही. पप्पांची नजर पलीकडच्या खडकापाशी होती, जिथे पाणी गोल फिरत होतं. एकदा त्यांनी तोंड उघडलं, लेकाकडे पाहिलं आणि मिटलं.

दुपारी वारा सुटला. कॅरव्हॅनच्या दारापुढच्या कापडी छताचा दोर सुटून फटके मारू लागला. व्हिन्सेंट आणि व्हर्नन नुसतेच धावपळ करत होते. पप्पा उठले, दोर पकडला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारली. मग गुन्हा झाल्यासारखे दचकले.

"बँकेत नोटांचे गठ्ठे बांधायचो ना," ते घाईघाईने म्हणाले.

मे महिन्यात पप्पा पाचूबंदरातच वारले. व्हिन्सेंटला माती द्यायलाही वेळेवर पोचता आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात व्हर्ननने कॅरव्हॅन विकायला काढली. छत उतरवायला व्हिन्सेंट मदतीला गेला. बाकीच्या गाठी सुटल्या, पप्पांची सुटेना. उन्हापाण्याने ती अधिकच आवळली होती.

"छोड यार, खलास," म्हणत व्हर्ननने सुरी काढली.

"कापू नको." व्हिन्सेंटने त्याचं मनगट धरलं. "माझे वडील बँकेत नव्हते. कोळी होते."

व्हर्ननने सुरी मिटली. "आय नो. त्या दिवशी तू पाणी आणायला गेलास तेव्हा मी विचारलं होतं, अंकल, आप दरिया पे थे ना?"

"मग?"

"म्हणाले, नहीं साहेब, मैं तो बँकवाला."

व्हिन्सेंट कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून ती गाठ नखांनी सोडवत राहिला. कशी सुटते हे त्याला ठाऊक नव्हतं. लहानपणी पप्पा शिकवायला बसले की तो वही उघडून अभ्यासाला बसायचा.